ब्रिजवरचा व्हीएचएफ : नव्याने जहाजावर येणाऱ्यांसाठी

जीएमडीएसएसचा, म्हणजे सागरी संकट-संपर्क यंत्रणेचा, कोर्स करून पहिल्यांदा जहाजावर आलेल्या मुलामुलींना रेडिओची धास्ती असते ती मुख्यतः इंग्रजीमुळे. परीक्षेत 'मेडे' ही संकटाची हाक घडाघडा म्हणून दाखवलेली असते, अल्फा-ब्राव्हो-चार्ली (अक्षरं सांगायचे ठरलेले शब्द) तोंडपाठ असतं. तरी कॅप्टन म्हणाले, "जरा पायलट स्टेशनला बोलव," (म्हणजे बंदरात जहाज नेणारा वाटाड्या पाठवणाऱ्या केंद्राला) की हात काही हँडसेटकडे जात नाही. डेक ऑफिसर म्हणून बरीच वर्षं या हँडसेटशेजारी वॉच (पहाऱ्याची पाळी) केल्यावर माझं मत असं झालंय, की ही धास्ती भलत्याच गोष्टीची आहे. इंग्रजी फारसं लागतच नाही. लागते ती पद्धत, आणि ती नुसती घोकून अंगी येत नाही. तिच्यातला जवळपास प्रत्येक नियम कुठल्या तरी फसलेल्या बोलण्यावरचा उपाय आहे. बोलणं नेमकं कुठे फसतं हे कळलं की नियम वेगळा पाठ करावा लागत नाही.

तर आधी ते कुठे फसतं ते बघू. फोनवर दोघं एकदम बोलले तर निदान दोघांनाही कळतं. व्हीएचएफवर, म्हणजे ब्रिजवरच्या (जहाज चालवतात त्या खोलीतल्या) या रेडिओवर, तसं नाही. सिंप्लेक्स चॅनेलवर, म्हणजे बोलणं आणि ऐकणं एकाच फ्रिक्वेन्सीवर असतं तिथे, तुम्ही बटण दाबलंत की तुमचा रिसीव्हर बंद होतो, म्हणजे बोलत असताना तुम्ही बहिरे असता. शिवाय मरीन व्हीएचएफ एफएमवर चालतो, आणि एफएमची खोड अशी की दोन सिग्नल एकत्र आले तर जोरकस सिग्नल दुसऱ्याला पार गिळून टाकतो. ज्याचं बोलणं गिळलं गेलं त्याला पत्ता नसतो आणि ऐकणाऱ्यालाही नसतो. लांबच्या छोट्या होडीवरून आलेली मदतीची हाक, तुम्ही त्याच क्षणी हवामानाबद्दल गप्पा मारत होतात म्हणून कोणालाच ऐकू आली नाही, आणि ती आली नाही हेही कोणाला कळलं नाही, असं खरोखर होऊ शकतं. बटण दाबण्याआधी ऐका, हा पहिला नियम तिथून येतो. शिष्टाचाराचा त्यात भाग कमीच.

ऐकायचं तर स्क्वेल्च, म्हणजे खरखर दाबणारा नॉब, नीट लावलेला हवा. खरखर नको म्हणून कोणीतरी तो नॉब शेवटपर्यंत पिळून ठेवतो, ब्रिजवर छान शांतता होते, आणि कमजोर सिग्नल सगळे त्या शांततेत बुडतात. वॉच घेतल्यावर मी पहिल्यांदा तो नॉब खरखर सुरू होईपर्यंत उघडतो, मग ती जेमतेम थांबेल इतकाच परत फिरवतो. दहा सेकंदांचं काम आहे, पण वॉच बदलताना हे करणारे फार कमी दिसतात.

पल्ल्याबद्दलही सुरुवातीला गैरसमज असतात. पॉवर वाढवली की आवाज लांब जाईल, असं वाटतं. व्हीएचएफ साधारण नजरेच्या रेषेत जातो, त्यामुळे पल्ला ठरतो तो अँटेनाच्या उंचीवर. दोन्ही अँटेनांची उंची मीटरमध्ये घ्या, प्रत्येकीचं वर्गमूळ काढून बेरीज करा आणि तिला सव्वादोनने गुणा, की साधारण पल्ला सागरी मैलांत मिळतो. एकाची अँटेना २५ मीटरवर आणि दुसऱ्याची १६ मीटरवर असेल तर ५ अधिक ४, म्हणजे ९, गुणिले सव्वादोन, म्हणजे वीसेक मैल. लाइफबोटीत उभं राहून एका मीटरवरून हँडहेल्डने बोलाल तर २५ मीटरवाल्या जहाजापर्यंत कागदावर साडेतेरा मैल येतात, प्रत्यक्षात त्याहून कमी धरा. क्षितिजाच्या पलीकडे २५ वॉटही फारसं काही करत नाहीत. उलट बंदरात शेजारच्या जहाजाशी बोलताना २५ वॉट वापरले तर तुम्ही उगाच दूरवरच्यांचा चॅनेल अडवता. तिथे १ वॉट पुरतो, म्हणूनच संचावर ते लो पॉवरचं बटण असतं.

आता प्रत्यक्ष हाक. मी नवीन कॅडेटला हँडसेट देण्याआधी कागद देतो. पायलट स्टेशनला काय सांगायचं ते आधी त्यावर लिही : जहाजाचं नाव, कॉल साइन (रेडिओवरची ओळख), पोहोचण्याची वेळ, ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती बुडालंय ते). आणि खाली अर्धा कागद कोरा ठेव, कारण उत्तर येणार आहे आणि ते भरभर येणार आहे. मागे एका कॅडेटने अशी हाक मारली : "पायलट स्टेशन, पायलट स्टेशन, धिस इज मोटर व्हेसल ब्लू हेरॉन, ब्लू हेरॉन, ऑन चॅनेल वन टू, ओव्हर." (जहाजाचं नाव मी इथे बदललंय.) हाक उत्तम होती. विशेषतः चॅनेलचा उल्लेख, कारण किनाऱ्यावरचा ऑपरेटर एकाच वेळी चार-पाच चॅनेल ऐकत बसलेला असतो. कुठला दिवा लुकलुकला हे त्याला दर वेळी दिसतंच असं नाही. उत्तर आलं : "ब्लू हेरॉन, रिग पायलट लॅडर ऑन पोर्ट साइड, वन मीटर अबव्ह वॉटर, मेक बोर्डिंग स्पीड सिक्स नॉट्स, ओव्हर." आमचा पोरगा म्हणाला, "ओके सर, थँक यू सर." दोन सेकंद शांतता. मग पलीकडून थंड आवाजात, "ब्लू हेरॉन, व्हिच साइड इज युवर लॅडर?"

त्या माणसाचं काहीच चुकलं नव्हतं. 'ओके'वरून त्याला एवढंच कळलं की कोणीतरी काहीतरी ऐकलं. पोर्ट (डावी बाजू) ऐकलं की स्टारबोर्ड (उजवी), हे कळायला मार्ग नाही, आणि शिडी चुकीच्या बाजूला लागली तर लाटांत हेलकावणाऱ्या बोटीतला पायलट अडचणीत. सूचना मिळाली की ती तशीच परत म्हणून दाखवायची : "पायलट लॅडर ऑन पोर्ट साइड, वन मीटर अबव्ह वॉटर, बोर्डिंग स्पीड सिक्स नॉट्स, ओव्हर." प्रश्नाचं उत्तर होकारार्थी असेल तर नुसतं 'येस' म्हणून थांबू नका, पुढे पूर्ण वाक्य बोला. अर्धं ऐकू आलं तरी अर्थ पोचतो.

'सर'बद्दल मात्र मी फार कडक नाही. हवेतला वेळ वाया जातो हे खरं, पण एखादा 'गुड मॉर्निंग' ऐकून कोणाचं नुकसान झालेलं मी पाहिलं नाही. मला खटकतं ते 'ओव्हर अँड आउट'. ओव्हर म्हणजे माझं झालं, आता तुम्ही बोला. आउट म्हणजे संभाषण संपलं, उत्तर नको. दोन्ही एका दमात म्हणणारा माणूस उत्तर मागतोही आणि नकोही म्हणतो.

उत्तर आलं नाही तर लगेच पुन्हा पुन्हा ओरडायचं नसतं. दोन-दोन मिनिटांच्या अंतराने तीनदा हाक मारायची, मग तीन मिनिटं थांबायचं. बहुतेक वेळा पलीकडचा दुसऱ्या चॅनेलवर बोलत असतो. बटण दाबल्यावर सेकंदभर थांबून बोला, नाहीतर पहिला शब्दच कापला जातो, आणि हाकेतला पहिला शब्द म्हणजे नेमकं ज्याला बोलावतोय त्याचं नाव. तोंडापासून माइक चारपाच सेंटीमीटरवर धरा. ओरडल्याने आवाज फक्त फाटतो. आणि बोलून झाल्यावर हँडसेट जाग्यावर नीट ठेवा. बटण अडकलेला हँडसेट खुर्चीत पडून राहिला तर अख्खा चॅनेल बंद पडतो, आणि तुमच्या ब्रिजवरच्या सगळ्या गप्पा वीस मैलांत फुकट ऐकायला मिळतात.

चॅनेल १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, हा संकटासाठीचा आणि हाक मारण्यासाठीचा. संकट नसेल तर तिथलं बोलणं एका मिनिटात आटपावं, असं आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा म्हणजे आयएमओचा २००३ सालचा व्हीएचएफच्या वापराबद्दलचा ठराव सांगतो. तिथे हाक मारायची, कामाचा चॅनेल ठरवायचा आणि निघायचं. जहाज-जहाज बोलण्यात चॅनेल ठरवण्याचा हक्क ज्याला बोलावलं त्याचा. किनारा आणि जहाज यांच्यात शब्द किनाऱ्याचा. चॅनेल ७० वर तोंडाने बोलायचंच नाही, तो फक्त डीएससीसाठी, म्हणजे डिजिटल हाकेसाठी राखलेला आहे. चॅनेल १३ ब्रिज ते ब्रिज, नौकानयनाच्या सुरक्षेसाठी. १५ आणि १७ जहाजावरच्या अंतर्गत कामासाठी, एका वॉटवर. रात्री १६ वर शिट्ट्या वाजवणारे, गाणी म्हणणारे महाभाग काही पाण्यांत भेटतातच. त्यांना उत्तर देऊ नका, शिव्या तर मुळीच नकोत. तेवढाच चॅनेल आणखी अडतो.

भाषेचं म्हणाल, तर आयएमओने २००१ साली स्वीकारलेली एसएमसीपी, म्हणजे ठरलेल्या सागरी वाक्यांची यादी, नवीन माणसाचा सगळ्यात मोठा आधार आहे. तिच्यात वाक्याआधी एक शब्द लावायची सोय आहे : क्वेश्चन, इन्फॉर्मेशन, इन्टेन्शन, रिक्वेस्ट, वॉर्निंग, इन्स्ट्रक्शन वगैरे. ऐकणाऱ्याचं इंग्रजी तुमच्याइतकंच कच्चं असू शकतं. 'मे आय एन्टर फेअरवे' (जहाजांच्या वाटेत शिरू का) यातलं पहिलं अक्षर कापलं गेलं, सूर हरवला, की ती परवानगीची मागणी आहे की तुमचा बेत, हे त्याला कळत नाही. म्हणून एसएमसीपी 'मे', 'माइट', 'शुड', 'कॅन' टाळायला सांगते. 'क्वेश्चन. डू आय हॅव परमिशन टु एन्टर द फेअरवे?' हे वाक्य लांब आहे, पण त्याचे दोन अर्थ निघत नाहीत. आकड्यांचंही तेच : फिफ्टीन आणि फिफ्टी खरखरीत सारखेच ऐकू येतात, म्हणून वन-फाइव्ह आणि फाइव्ह-झीरो. कोर्स नेहमी तीन आकडी, वेळ २४ तासांची आणि कुठली ते सांगून, शक्यतो यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. परदेशी उच्चारांची नक्कल करू नका. सावकाश, सपाट, आपल्या तोंडातलं इंग्रजी सगळ्यात चांगलं समजतं. स्पेलिंगची सवय करायची तर रस्त्यावरच्या गाड्यांचे नंबर मनात अल्फा-ब्राव्होत वाचत चला, आठवड्यात जीभ वळते.

एका जागी मात्र रेडिओ न उचलणं हीच योग्य पद्धत, आणि हे मला जरा विस्ताराने सांगायचंय. समोरून जहाज येतंय, सीपीए (सगळ्यात जवळ येण्याचं अंतर) कमी दिसतोय, आणि नवीन ऑफिसरचा हात आपोआप व्हीएचएफकडे जातो : "शिप ऑन माय स्टारबोर्ड बाउ, व्हॉट इज युवर इन्टेन्शन?" त्या वेळी चार जहाजांच्या स्टारबोर्डला कोणीतरी असतं. उत्तर देणारा भलताच निघू शकतो. एआयएसमुळे, म्हणजे जहाजाची ओळख आपोआप दाखवणाऱ्या यंत्रणेमुळे, नाव दिसतं, त्यामुळे ही चूक कमी झाली, पण दुसरी उरलीच : बोलण्यात मिनिटं जातात आणि तेवढ्या वेळात दोन्ही जहाजं एकमेकांकडे सरकत असतात. शिवाय नियमांनुसार स्टारबोर्डला वळायचं असताना दोघं गोडीगुलाबीने 'ग्रीन टु ग्रीन' (उजव्या बाजू समोरासमोर ठेवून जायचं) ठरवतात, एकाला ते नीट कळलेलं नसतं, तो कॉलरेग्जप्रमाणे, म्हणजे टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे, वळतो आणि अंतर आणखी कमी होतं. टक्कर टाळण्यासाठी व्हीएचएफ वापरण्यातल्या धोक्याबद्दल ब्रिटनच्या सागरी यंत्रणेने सूचनापत्रकं काढली आहेत; टकरींच्या चौकशीत आधी रेडिओवर बोलणं झालेलं होतं, असं आढळतं म्हणूनच. माझ्या वॉचवर नियम साधा आहे : आधी सुकाणू, मग शिट्टी, आणि बोलायचंच असेल तर वेळ भरपूर असताना, नाव घेऊन आणि नियमांना धरून.

संदेशाच्या आधी लावायच्या तीन खुणा सगळ्यांना पाठ असतात : मेडे, पॅन-पॅन, सेक्युरिते. त्यांचं वजन किती, हे १४ एप्रिल १९१२च्या रात्रीवरून कळतं. 'कॅलिफोर्नियन' जहाजाचा रेडिओ ऑपरेटर सिरिल इव्हान्स याने 'टायटॅनिक'ला कळवलं की आम्ही बर्फाने वेढून थांबलोय. 'टायटॅनिक'चा जॅक फिलिप्स तेव्हा केप रेसच्या स्टेशनला प्रवाशांचे निरोप पाठवण्यात गढला होता. त्याने इव्हान्सला गप्प बसायला सांगितलं. इव्हान्सचा संदेश सहज गप्पा मारल्यासारखा आला होता, ही धोक्याची सूचना आहे असं त्याच्या सुरुवातीला काही नव्हतं. साडेअकराच्या सुमारास इव्हान्सने संच बंद केला आणि तो झोपायला गेला, ११.४० ला टक्कर झाली. त्यानंतरच रेडिओवर चोवीस तास पहारा हवा हे जगाने मान्य केलं. पुढे शांततेचे काळ आले : दर तासाला ठरलेली तीन-तीन मिनिटं सगळ्यांनी गप्प राहून कमजोर हाका ऐकायच्या. जुन्या रेडिओ रूमच्या घड्याळावर त्यासाठी लाल आणि हिरवे पट्टे असत, लाल ५०० किलोहर्ट्झसाठी, हिरवे २१८२ साठी. जीएमडीएसएस १ फेब्रुवारी १९९९ पासून पूर्ण लागू झाल्यावर तो पहारा यंत्रांकडे गेला.

आज सेक्युरिते म्हणजे नौकानयनाची किंवा हवामानाची धोक्याची सूचना. वाहून चाललेला कंटेनर दिसला तर १६ वर तीनदा सेक्युरिते म्हणून चॅनेल सांगायचा आणि तपशील त्या चॅनेलवर द्यायचा. पॅन-पॅन म्हणजे तातडी आहे, पण जहाज किंवा जीव या क्षणी गंभीर धोक्यात नाही : इंजिन बंद पडलंय आणि आपण वाहतोय, किंवा आजारी माणसासाठी वैद्यकीय सल्ला हवाय. मेडे म्हणजे गंभीर आणि अगदी जवळ आलेला धोका. पॅन-पॅन वापरायला लोक कचरतात आणि मेडेपर्यंत थांबतात. माझ्या मते हे उलटं आहे. वाहणारं जहाज खडकाजवळ पोचण्याआधीच किनाऱ्याला कळलेलं बरं.

संकटात आधी डीएससीचं लाल झाकण उचलून बटण संच सांगेल तितके सेकंद दाबून धरायचं. तुमचा एमएमएसआय (जहाजाचा रेडिओ ओळख क्रमांक), जागा आणि वेळ चॅनेल ७० वर आपोआप जातात. जीपीएस जोडलेला नसेल तर जागा हाताने भरावी लागते, आणि ती किमान दर चार तासांनी अद्ययावत ठेवायची असते. हे काम सगळ्यात जास्त राहून जातं. पोचपावती येईपर्यंत संच साडेतीन ते साडेचार मिनिटांच्या अंतराने हाक पुन्हा पाठवत राहतो. पण पावतीची वाट बघत बसू नका, लगेच १६ वर बोला :

"मेडे, मेडे, मेडे. धिस इज ब्लू हेरॉन, ब्लू हेरॉन, ब्लू हेरॉन," मग कॉल साइन आणि एमएमएसआयचे नऊ आकडे एकेक करून.

"मेडे ब्लू हेरॉन," पुन्हा कॉल साइन आणि एमएमएसआय, मग जागा. "फायर इन इंजिन रूम. आय रिक्वायर फायर फायटिंग असिस्टन्स. टू-टू पर्सन्स ऑन बोर्ड. ओव्हर."

जागा इतक्या लवकर का? कारण पुढच्या वाक्याला वीज असेलच असं नाही. काय जळतंय हे कळलं नाही तरी जागा कळली तर कोणीतरी येऊ शकतं. जागा अक्षांश-रेखांशात, किंवा नकाशावरच्या ठळक खुणेपासून बेअरिंग (अंशांतली दिशा) आणि अंतर. बेअरिंग खुणेपासून तुमच्याकडे मोजलेलं हवं. परीक्षेतसुद्धा निम्मे जण ते उलटं देतात, आणि समुद्रावर उलट दिशा म्हणजे बचावनौका दुसऱ्याच बाजूला.

दुसऱ्याचा मेडे ऐकू आला तर पहिलं काम पेन्सिल उचलण्याचं. वेळ, नाव, जागा लिहा, कॅप्टनना बोलवा, गप्प राहा. किनाऱ्याला उत्तर द्यायला थोडा अवधी द्या. कोणीच उत्तर दिलं नाही तर तुम्ही १६ वर तोंडी पोच द्या आणि मेडे रिले करून किनाऱ्याला कळवा. संकटात आपण नाही, ते जहाज आहे, हे रिलेत स्पष्ट झालं पाहिजे. डीएससीवर पोच द्यायचं बटण समोर चमकत असतं, बोट शिवशिवतं; तसं करू नका. व्हीएचएफवर डीएससी पोच सहसा किनाऱ्याचं काम. जहाजाने ती दिली तर हाक पुढे जायची थांबते आणि किनाऱ्यापर्यंत पोचलीच नाही असं होऊ शकतं. कुठल्या हाकेला काय करायचं याचे आयएमओचे तक्ते ब्रिजवर लावलेले असतात, वॉच शांत असताना ते वाचून ठेवा.

चुकून लाल बटण दाबलं गेलं तर काही लोक संच बंद करून गप्प बसतात, हा सगळ्यात वाईट मार्ग. हाक गेलेली असते आणि कोणीतरी शोधायला निघतं. हाक थांबवा, १६ वर सगळ्या स्टेशनना उद्देशून नाव, कॉल साइन, एमएमएसआय सांगा आणि अमुक वेळेची हाक रद्द समजा असं बोला. शिक्षेची भीती असेल तर चुकीच्या हाकांबद्दलचा आयएमओचा ठराव बघा : चुकीची हाक कळवून रद्द करणाऱ्यावर सहसा कारवाई केली जात नाही. वारंवार होत असेल तर गोष्ट वेगळी.

अभ्यास करणाऱ्यांना एक सूचना. सीनियरच्या जुन्या नोट्सवर विसंबू नका. जीएमडीएसएसचे सुधारित नियम १ जानेवारी २०२४ पासून लागू झाले. इनमारसॅट या उपग्रहसेवेच्या जोडीला इरिडियम आलाय, त्यामुळे ए३ क्षेत्राची (किनारी रेडिओच्या पलीकडच्या, उपग्रहाच्या टप्प्यातल्या समुद्राची) व्याख्या आता जहाजावर कुठली उपग्रहसेवा बसवली आहे यावर ठरते. बाकी डीएससीच्या संकट-हाकेचे २१८७.५ किलोहर्ट्झ, ५१८ चं नॅव्हटेक्स (सुरक्षा-सूचना पाठवणारी सेवा), ४०६ मेगाहर्ट्झचा ईपर्ब (उपग्रहाला संकट-हाक देणारा संच) हे आकडे तेच आहेत, ते डोळे मिटून यायला हवेत.

आणि रेडिओ लॉग. डीएससीची अंतर्गत चाचणी रोज, किनाऱ्याला टेस्ट कॉल आठवड्याला, ईपर्ब आणि सार्ट (शोधणाऱ्यांना जागा दाखवणारा संच) महिन्याला. प्रत्येकाची नोंद त्याच वेळी, यूटीसीत, सहीसकट. महिनाअखेरीला एका बैठकीत एकाच पेनाने भरलेला लॉग तपासणीला आलेल्या माणसाला पहिल्या पानावरच कळतो. पायलट स्टेशनचं बोलणं झालं की वेळ आणि चॅनेल टिपून ठेवा, आणि शिडी कुठल्या बाजूला सांगितली तेही लिहा.